हातातला गेम, नवतप्याचं ऊन आणि गेलेली लाईन: नव्या खेळाडूंसाठी २०२५ ची निवड

हँडहेल्ड कन्सोलबद्दलचे बहुतेक सल्ले एसीची खोली, न तुटणारं वाय-फाय आणि चोवीस तास वीज गृहीत धरून दिलेले असतात. आर्वी, दारव्हा, मूल किंवा मूर्तिजापूरच्या आसपासच्या गावात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. म्हणून इथे वर्षातले आवडते गेम निवडताना चार गोष्टी पाहिल्या आहेत: इंटरनेटशिवाय चालतो का, बॅटरी अचानक संपली तर किती खेळ वाया जातो, डाउनलोड केवढं आहे आणि इंग्रजी किती वाचावं लागतं. पण गेमच्या आधी यंत्र घ्यावं लागतं आणि नव्या माणसाचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच बुडतात.

पहिली पायरी: यंत्र ठरवा

जत्रेत आणि आठवडी बाजारात मिळणारा ‘४०० इन १’ गेमचा डबा लहान मुलांसाठी ठीक आहे. त्यात साध्या मोबाईलची बीएल-५सी जातीची बॅटरी असते, ती मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळते आणि हाताने बदलता येते. बॅटरी फुगून मागचं झाकण उचलायला लागलं की तिला चार्ज करू नका, लगेच काढा. याहून जास्त अपेक्षा त्या डब्याकडून ठेवू नका.

चांगला फोन असेल तर त्याला दोन्ही बाजूंनी पकडणारा टाइप-सी कंट्रोलर जोडणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. खाली सांगितलेले बलाट्रो आणि स्टारड्यू व्हॅली हे दोन गेम फोनवर उत्तम चालतात. बलाट्रोला तर कंट्रोलरही लागत नाही.

त्यापुढे निन्टेन्डो स्विच. २०१७ साली आलेला मूळ स्विच, २०१९ चा लाइट, २०२१ चा ओएलईडी आणि ५ जून २०२५ ला आलेला स्विच २, असे चार प्रकार. निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही, त्यामुळे जे मिळतं ते बाहेरून आणलेलं असतं आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. तो शब्द बिलावर लिहून घ्या. लाइट स्वस्त आहे, पण त्याच्या काड्या, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या स्टिक, आतच बसवलेल्या असतात. धुळीच्या गावात स्टिक लवकर बिघडतात. साध्या स्विचमध्ये बिघडलेला जॉय-कॉन, म्हणजे बाजूला अडकवलेला कंट्रोलर, काढून दुसरा लावता येतो, लाइटमध्ये अख्खं यंत्र उघडावं लागतं. म्हणून आमचं मत साध्या किंवा ओएलईडी स्विचच्या बाजूने आहे, वापरलेला असला तरी.

स्विच २ घेताना एक सापळा आहे. जपानमध्ये विकली जाणारी स्वस्त आवृत्ती फक्त जपानी भाषेत चालते आणि फक्त जपान प्रदेशाचं खातं स्वीकारते. सेटिंगमध्ये भाषा बदलता येत नाही. दुकानात यंत्र चालू करून इंग्रजीचा पर्याय डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

तिसरा मार्ग पीसी जातीचा: व्हॉल्व्हचा स्टीम डेक (बाहेरूनच आणावा लागतो) किंवा आसुस, लेनोव्हो यांची विंडोजवर चालणारी यंत्रं, जी भारतात अधिकृतपणे विकली जातात. याचा मोठा फायदा गेमच्या किमतीत आहे. स्टीम या व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानात किंमत रुपयांत असते आणि यूपीआयने देता येते. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परतही करता येतो. निन्टेन्डोच्या ई-शॉपला, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन दुकानाला, भारताचा प्रदेशच नाही. बहुतेक जण खात्याचा देश अमेरिका ठेवतात आणि डॉलरचं गिफ्ट कार्ड घेतात. तिथे घेतलेलं परत होईल असं धरू नका.

दुसरी पायरी: दुकानात काय तपासायचं

नागपूरला सीताबर्डीत किंवा अमरावती-अकोल्यात वापरलेला स्विच बघायला जाल तेव्हा घाई करू नका, अर्धा तास हातात ठेवा. सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या विभागात स्टिक कॅलिब्रेशनचा पर्याय आहे. तिथे जाऊन स्टिकला हात न लावता बघा. खूण मध्यभागी स्थिर हवी. ती आपोआप सरकत असेल तर त्याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात, आणि गेममध्ये तुमचा माणूस न सांगता चालत सुटेल.

मग फोनचं हॉटस्पॉट देऊन ई-शॉप उघडा. ई-शॉप उघडायला नकार मिळाला आणि यंत्रावर बंदीचा संदेश आला, तर ते यंत्र निन्टेन्डोने ऑनलाइनपासून तोडलेलं असू शकतं. असं यंत्र अर्ध्या किमतीतही घेऊ नका. गेमचं कार्ड आत घालून वाचतं का, चार्जर लावल्यावर बॅटरीच्या चित्रावर चार्जिंगची खूण येते का, मागच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडते का, हेही तिथेच बघा. चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ छापलेलं असेल तर तो आपल्या विजेवर चालतो, फक्त चपट्या पिनांसाठी जोड लागेल. नुसतं १०० किंवा १२० व्होल्ट लिहिलेला चार्जर सॉकेटला लावूच नका.

गेमची कार्डं कुठल्याही देशाची चालतात. पण कार्डासाठी नंतर जो वाढीव भाग विकत घ्यायचा तो कार्डाच्याच प्रदेशाचा लागतो. जपानी कार्डाला अमेरिकी खात्यावरून घेतलेला भाग जुळत नाही.

मेमरी कार्डात फसवणूक फार. १२८ जीबी छापलेल्या कार्डात खरी जागा कधी १६ जीबीच निघते, आणि ती भरल्यावर पुढचं सगळं खराब लिहिलं जातं. कार्ड घेतल्या दिवशी कॉम्प्युटरवर एच२टेस्टडब्ल्यू हे फुकट साधन चालवून पूर्ण भरून तपासा. जुन्या स्विचला आणि स्टीम डेकला साधं मायक्रोएसडी चालतं. स्विच २ ला गेम ठेवायला मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं.

तिसरी पायरी: पहिला दिवस, इंटरनेटच्या जवळ

दिवसाला २ जीबीचा पॅक असेल तर १६ जीबीचा गेम म्हणजे आठ दिवसांचा डेटा. त्यामुळे मोठे गेम कार्डावर घ्या, लहान गेम डाउनलोड करा. कार्ड घेतलं तरी अपडेट उतरवावं लागतंच, पण ते सहसा लहान असतं. यंत्राचं अपडेट आधी, मग गेमचं, मग गेमच्या अपडेटनंतर मेमरी कार्डात जागा किती उरली ते बघा.

हॉटस्पॉटवर रात्री डाउनलोड लावून झोपलं आणि सकाळी ते अर्ध्यावर थांबलेलं दिसलं, तर कारण बहुतेक वेळा फोन असतो. ‘जोडणी नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद’ हा पर्याय बंद करा आणि फोन चार्जरला लावून ठेवा. लाईन गेली तरी घाबरू नका: स्विच आणि स्टीम दोन्ही डाउनलोड जिथे थांबलं तिथून पुढे चालू करतात.

इंटरनेट सोडण्याआधीची परीक्षा फार महत्त्वाची आहे. विमान मोड चालू करा आणि प्रत्येक गेम एकदा उघडून पहिल्या पडद्यापर्यंत न्या. स्टीमवर तर हे करायलाच हवं, कारण एकदाही न उघडलेला गेम ऑफलाइन गेल्यावर कधी कधी आणखी काही फाइली मागतो. तालुक्याला वाय-फायवर बसून दहा गेम उतरवले आणि गावात येऊन एकही उघडला नाही, असं याच परीक्षेच्या अभावी होतं.

चौथी पायरी: काय खेळायचं

सुरुवात बलाट्रोने करा. हा गेम २०२४ च्या फेब्रुवारीतला आहे, २०२५ चा नाही, तरीही पहिला मान त्याचाच. एका कॅनडावासी माणसाने, लोकलथंक या टोपणनावाने, तो बनवला. डाउनलोड काही शे एमबी, इंटरनेट नको, आणि ज्याने मेंढीकोट किंवा रमी खेळली आहे त्याला पत्ते नव्याने शिकवावे लागत नाहीत. मांडणी पोकरची आहे, पण यात खरे पैसे कुठेच लावले जात नाहीत. युरोपातल्या पेगी या मानांकन संस्थेने आधी त्याला १८ वर्षांवरचा शिक्का दिला होता, तो २०२५ मध्ये १२ वर आणला.

हातात आठ पत्ते येतात. त्यातले जास्तीत जास्त पाच निवडून टाकायचे. पहिल्या डावाला ३०० गुण लागतात आणि ते चार खेळ्यांत करायचे. समजा तुमच्याकडे बदामाचा एक्का, राजा, नव्वी, सत्ती आणि चौकी आहे. एकाच रंगाचे पाच पत्ते म्हणजे फ्लश, त्याचे मूळ गुण ३५ आणि गुणक ४. पत्त्यांचे गुण ११, १०, ९, ७ आणि ४, म्हणजे ४१. पस्तीस अधिक एक्केचाळीस बरोबर ७६, गुणिले ४ बरोबर ३०४. एका खेळीत डाव संपला. हीच नुसती जोडी असती तर मूळ गुण १० आणि गुणक फक्त २. म्हणून सुरुवातीला टाकून देण्याच्या संधी वापरून एका रंगाचे पत्ते जमवा.

नवखे हरतात ते बहुतेक पैशांपायी. प्रत्येक डाव संपला की हातातल्या दर ५ डॉलरमागे १ डॉलर व्याज मिळतं, जास्तीत जास्त ५. म्हणजे २५ डॉलर शिल्लक ठेवणाऱ्याला दर डावाला ५ डॉलर फुकट येतात. दुकानात दिसलेलं सगळं घेणाऱ्याची पाटी कायम कोरी राहते. पहिले दोन टप्पे (एका टप्प्यात तीन डाव) एखादा चांगला जोकर, म्हणजे दुकानात मिळणारं गुण वाढवणारं खास कार्ड, घेऊन काढा, मग शिल्लक २५ च्या वर ठेवून खर्च करा. आणि गुणक वाढवणारा एक तरी जोकर लवकर मिळवा, कारण पहिल्या टप्प्याला ३०० पासून सुरू झालेली मागणी आठव्या टप्प्याला ५०,००० च्या पुढे जाते. नुसते गुण वाढवून तिथे पोचता येत नाही.

दुसरा जुना पण सोबत ठेवावा असा गेम म्हणजे स्टारड्यू व्हॅली, २०१६ चा, एरिक बॅरोन या एकट्या माणसाचा. शेती करणाऱ्या घरात तो वेगळ्याच जिव्हाळ्याने खेळला जातो. पऱ्हाटी त्यात नाही, पण पेरणीचं गणित आहे. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा, आणि ऋतू बदलला की त्या ऋतूचं उभं पीक रातोरात मरतं. फ्लॉवरला १२ दिवस लागतात, म्हणून १६ तारखेनंतर लावलेला फ्लॉवर हाती येत नाही. पार्सनिप या पांढऱ्या मुळाला ४ दिवस, बी २० ला आणि माल ३५ ला. सुरुवातीला मिळालेल्या १५ बिया पहिल्याच दिवशी लावा आणि रोज पाणी द्या. ज्या दिवशी पाणी चुकलं तो दिवस पिकाच्या हिशोबात धरला जात नाही. वसंताच्या १३ तारखेच्या अंड्यांच्या उत्सवासाठी पैसे राखून ठेवा. तिथे स्ट्रॉबेरीचं बी १०० ला मिळतं. त्याच संध्याकाळी लावून पाणी दिलं तर महिना संपण्याआधी दोन तोडे होतात. मका मात्र उन्हाळा आणि शरद, दोन्ही ऋतूंत उभा राहतो.

लाईनच्या दृष्टीने एक धोका लक्षात ठेवा. कन्सोल आणि पीसीवर हा गेम फक्त दिवसाअखेर झोपल्यावरच सेव्ह होतो. गेममधला पूर्ण दिवस साधारण १४ मिनिटांचा. बॅटरी ५ टक्क्यांवर असताना नवा दिवस सुरू करू नका. फोनवरच्या आवृत्तीत दिवसाच्या मध्येही सेव्ह करता येतं.

आता २०२५ चे. वर्षाचा सर्वोत्तम गेम आमच्या मते हॉलो नाइट: सिल्कसाँग. ४ सप्टेंबर २०२५ ला आला, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या टीम चेरीचा. सुमारे ८ जीबी, पूर्ण ऑफलाइन, जुन्या स्विचवरही चालतो, आणि हाताने काढलेलं त्यातलं जग सात इंचांच्या पडद्यावरही अंगावर येतं. इंग्रजी थोडं कमी समजलं तरी अडत नाही. पण तो कठीण आहे, आणि तुम्ही बटणांवर हात बसवलेला नसेल तर २०१७ चा मूळ हॉलो नाइट आधी खेळा. सिल्कसाँगमध्ये पाच मुखवटे, म्हणजे पाच जीव घेऊन सुरुवात होते आणि अनेक शत्रू एका फटक्यात दोन घेतात. शत्रूला मारून मिळणाऱ्या रेशमाच्या नऊ खुणा भरल्या की जखम बांधता येते आणि तीन मुखवटे परत येतात. त्यामुळे एकच मुखवटा गेला असताना घाईने बांधू नका, दोन-तीन जाऊ द्या. बांधताना आधी उडी मारून दूर जा, अंगाशी उभं राहून बांधणारा मार खातो.

मेलात तर जमवलेले मणी, म्हणजे गेममधले पैसे, एका कोशात पडून राहतात. तिथे परत जाऊन कोश फोडला की मणी मिळतात आणि रेशीमही भरून येतं. म्हणून कोश थेट मोठ्या शत्रूच्या लढाईत राखून वापरणं ही चांगली युक्ती. वाटेत पुन्हा मेलात तर मणी कायमचे गेले. जास्त मणी जमले की ते माळेत ओवून घ्या. थोडे तोट्यात जातात, पण ओवलेली माळ मेल्यावर हरवत नाही. सुरुवातीला हंटर्स मार्च या लाल मुंग्यांच्या भागात शिरलात आणि दर वळणावर मरायला लागलात तर तुमचं कौशल्य कमी नाही, तुम्ही तिथे लवकर आलात. मागे फिरा. बाकावर बसून बंद केलं की पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते.

दुसरा हेडीस २, सुपरजायंट गेम्सचा, २५ सप्टेंबर २०२५ ला पूर्ण आवृत्ती आली. खोलीमागून खोली लढत जायचं, मेलात की पहिल्यापासून. एक फेरी साधारण अर्ध्या तासाची, प्रत्येक खोलीत शिरताना सेव्ह, म्हणजे मध्येच कोणी पाणी भरायला बोलावलं तरी नुकसान एका खोलीचं. सेटिंगमध्ये ‘गॉड मोड’ आहे: चालू केल्यावर मार २० टक्के कमी बसतो आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्के कमी होतो. नव्या माणसाने तो बिनधास्त चालू करावा. इंग्रजी संवाद मात्र भरपूर आहेत.

घरात भावंडं असतील तर मारिओ कार्ट वर्ल्ड, पण तो फक्त स्विच २ वर आणि डाउनलोड २० जीबीच्या वर, म्हणून कार्डावरच घ्या. जुन्या स्विचवर मारिओ कार्ट ८ डिलक्स तितकाच रंगतो. दोन जॉय-कॉन काढून दोघांना एकेक दिला की झालं. लहानांसाठी स्मार्ट स्टीअरिंग चालू ठेवा, गाडी रस्त्याबाहेर पडत नाही. डाँकी काँग बनान्झा (१७ जुलै २०२५) हाही स्विच २ चाच, भिंती फोडत जायचा, वाचन जवळपास नाही.

वर्षाचे मोठे मान मिळवणारा क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपेडिशन ३३ इथे शिफारशीत नाही. गेम फार सुंदर आहे, पण ५५ जीबी जागा मागतो आणि स्टीम डेकची बॅटरी भराभर खातो. इंग्रजी अडतं त्यांनी पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक (२०२०) बघावा. त्याच्या नंतरच्या एन्हान्स्ड आवृत्तीत हिंदी आवाज आहे.

पाचवी पायरी: ऊन, वीज, धूळ

स्विच आणि स्टीम डेक दोन्हींसाठी कंपनीने सांगितलेली हवेची मर्यादा ३५ अंश आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. म्हणून नवतप्यात खेळायची वेळ पहाट ते आठ आणि रात्री नऊनंतर. दुपारी खेळायचंच तर मातीच्या भिंतीच्या खोलीत किंवा सपरीत, सावलीच्या बाजूला. कूलरच्या अगदी तोंडापुढे बसू नका. ती हवा ओली असते, तिच्यासोबत कधी पाण्याचे तुषारही येतात, आणि जाळीतला पंखा तेच आत ओढतो. चार-पाच हात बाजूला बसा. यंत्र गादीवर ठेवलं तर मागची जाळी बंद होते. गाडीच्या डिक्कीत ते कधीच ठेवू नका.

जास्त तापलं तर स्विच संदेश देऊन स्वतः झोपतो. तेव्हा फ्रीजमध्ये किंवा ओल्या फडक्यात ठेवू नका, आत पाणी साचतं. बंद करून सावलीत अर्धा तास द्या. स्टीम डेकवर तीन ठिपक्यांचं बटण दाबून कामगिरीच्या पानावर जा, टीडीपी (चिपला मिळणाऱ्या विजेची मर्यादा) ७–८ वॅटवर आणि सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम, ४० वर आणा. सिल्कसाँगसारख्या गेमला एवढं पुरतं. एलसीडी पडद्याच्या डेकच्या ४० वॅट-तासांच्या बॅटरीवर पूर्ण जोरात दोन तासही निघत नाहीत, असं केल्यावर साधारण चार निघतात. खेळताना चार्जर लावला की उष्णता दोन्हीकडून वाढते, उन्हाळ्यात ते टाळा. विंडोजवरची यंत्रं झोपवून पिशवीत टाकू नका, कधी कधी ती आत जागी होऊन तापतात. पूर्ण बंद करा.

लाईन परत येते तेव्हा व्होल्टेज उसळतं, म्हणून गेल्यावर चार्जर काढून ठेवा आणि आल्यानंतर पाच मिनिटांनी लावा. पॉवर बँक पीडी (टाइप-सीवरून जास्त वॅट देणाऱ्या) प्रकारची आणि बीआयएसची खूण असलेली घ्या: स्विचला १८ वॅट पुरतात, स्टीम डेकला ४५ लागतात. १०,००० एमएएचची बँक म्हणजे ३७ वॅट-तास. त्यातले तिसरा हिस्सा उष्णतेत जातात, उरलेल्यात १६ वॅट-तासांचा स्विच दीड वेळा भरतो. डेकला २०,००० ची हवी, तीही एकदाच जेमतेम भरते.

कापूस वेचणीच्या दिवसांत घरभर तंतू उडतात आणि तूर-सोयाबीन काढताना कुटाराची धूळ. दोन्ही पंख्याच्या जाळीवर जाळं धरतात. आठवड्यातून एकदा यंत्र पूर्ण बंद करून मऊ, कोरड्या ब्रशने जाळी झाडा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. पंपाची हवा जोरात मारली तर पंखा उलटा गरगरून बिघडतो. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, तांदळात नको, त्याची पीठासारखी धूळ चार्जिंगच्या तोंडात बसते. खरिपाच्या धावपळीत महिनोन्‌महिने खेळणं होणार नसेल तर बॅटरी अर्धी भरून ठेवा आणि पोळा-दिवाळीला एकदा काढून पुन्हा चार्ज करा. सहा महिन्यांहून जास्त रिकामी पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज घेईलच असं नाही.